घोडा दगडात नव्हता

बिरूमामा धनगराला यंदाच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मेंढरं सोडायच्या वेळी, विट्याच्या पुढच्या त्याच्याच गावात, त्याच्याच गाववाल्यांनी मारलं. आठ दिवस तो सांगलीच्या दवाखान्यात होता. तो गेल्याची बातमी आली तेव्हा साताऱ्यात, आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या सरांच्या घरी आम्ही ज्या दगडापायी तो मेला त्याचेच फोटो वहीत चिकटवत होतो.

दगड म्हणजे गायरानातला वीरगळ, लढताना मेलेल्या कुणाच्या नावानं उभा केलेला. त्यावर बोटभर शेंदूर. पाटलांची भावकी सांगायची, हा घोड्यावरचा वीर आमचा पूर्वज, म्हणून भोवतीचं गायरानही आमचं. तिथं त्यांना ऊस लावायचा होता. उन्हाळ्यात सरांबरोबर आम्ही पोरं गेलो आणि परवानगी काढून शेंदूर खरवडला. ब्रश माझ्या हातात होता. मामा काठीवर हनुवटी टेकून बघत होता. "घास, घास. हळद लावायची तेवढी ऱ्हायलीय नवरदेवाला."

शेंदराखाली घोडा नव्हता. गोफण फिरवणारा माणूस होता, दोन मेंढरं, पायाशी कुत्रा. मामानं कुत्र्यावरून हात फिरवला. म्हणाला, "ह्यो आमचा हाय गड्या."

पाटलांचा थोरला मागं उभा होता. "म्हाताऱ्या, घोडा कुठं गेला रं?"

"घोडा तुमच्या तोंडात हुता. दगडात कवाच नव्हता."

सगळे हसले. आम्हीही हसलो, मापं घेतली आणि जीपमध्ये बसून निघून आलो. त्या हसण्याची किंमत गावात राहणाऱ्यानं मोजायची असते, हे आमच्या शास्त्रात कुणी शिकवलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दगड फोडायला घण आले. बांधावर गाव उभं राहून बघत होतं. पहिला घाव कुत्र्यावर बसला. दुसऱ्याच्या आत मामा दगडावर आडवा पडला. पुढचं त्याच्या सुनेनं सांगितलं: "आवाज दगडाचा का हाडाचा, कळंना गेलं बगा." दगडाचे तुकडे विहिरीत गेले. आता म्हणतात, असा दगड नव्हताच.

दगड होता याचा पुरावा म्हणून मी सरांकडं फोटो मागितला. ते म्हणाले, "आपण अभ्यासक. गावच्या भांडणात पडू नये." शेंदूर खरवडला तेव्हाच आपण पडलो होतो, सर. मेलेल्या वीराचं नाव शोधायचं आणि त्याचा वंशज मारला गेला की वही मिटायची, याला मी अभ्यास म्हणत नाही. पळ काढणं म्हणतो.

परवा गायरानात गेलो. मामा रोज सकाळी कळपाला दगडाभोवती एक फेरी घालूनच चरायला न्यायचा. आता सून नेते. ती त्यांना वळवत नाही, पण मेंढरं अजून दगडाच्या त्या रिकाम्या खड्ड्याला फेरी घालतात.

त्या सकाळी बांधावर उभं राहून बघणारे तुम्ही, हे ज्यात छापून येतंय तो अंक वाचता, मला ठाऊक आहे. विट्याला खटला उभा राहतोय. सर, तुम्ही फोटो घेऊन या. आणि बांधावरच्यांनो, तुम्ही या, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहा आणि घण कुणाच्या हातात होता ते नाव घेऊन सांगा.