माफीचं रान

निजामाच्या राज्यात टेंभुर्णीच्या बाजारात एक पाद्रीबाबा बायबल घेऊन बसायचे. कुणी काही विचारलं, की आधी मांडीवर थाप मारून "बराबर इचारलं!" म्हणायचे, मगच पुस्तक उघडायचे.

एकदा एका धनगरानं विचारलं, "पाप कबूल केलं, तर देव माफ करतो का?"

"बराबर इचारलं! बिलकुल करतो. माणसानंबी करावं."

"मंग ऐका. काल माझ्या मेंढ्या तुमच्या ज्वारीत शिरल्त्या. एक ताट न्हाई राह्यलं."

थापेसाठी उचललेला हात तसाच राहिला. मग बाबा इतके हसले, की डोक्यावरची टोपी खाली पडली.

"आता मेंढ्या तिथंच बसव. खत तरी पडू दे!"

पुढच्या साली त्या रानात ज्वारी डोक्याच्या वर गेली. माफीबद्दल कुणी विचारलं, की बाबा पुस्तकाआधी तिकडं बोट दाखवायचे.