बादलीने पारखलेलं मशीन

नांदुऱ्याच्या एका प्रसूतिगृहात अन्नपूर्णाबाईंनी बावीस वर्षं चादरी धुतल्या. बोअरचं पाणी खारं, साबणाला फेस धरू देत नाही. नळ येणार आठ-आठ दिवसांनी. थोडक्या गोड्या पाण्यात चादर स्वच्छ कशी काढायची, हे त्यांच्या हातांना पाठ झालं होतं. यंदा मात्र ते हातच थकले आणि त्यांनी ते काम सोडलं. आता घरच्या कपड्यांना पीळ घातला तरी उजव्या मनगटातून निघालेली कळ थेट खांद्यापर्यंत जायची.

सून दीपमाला म्हणाली, "आता मशीन घेऊनच टाकू."

"घेऊ. पण पाणी किती पिते, ते पाह्यल्याबिगर नाई."

दुसऱ्या दिवशी दोघी सहदेवच्या दुकानात गेल्या. त्याने वरून झाकण उघडणारं मोठं मशीन दाखवलं. "मावशी, सगळ्यात जास्त हेच खपते. पाणीबी कमीच लागते."

"कमी म्हणजे किती बादल्या?"

सहदेव कागदावरचे लिटर वाचू लागला. तोवर अन्नपूर्णाबाईंनी पिशवीतून घरच्या मळक्या चादरी काढल्या. "हे चालवून दाखव. नळीखाली बादली आम्ही लावतो."

"अवो, दुकानात?"

"मंग काय, घरी नेल्यावर पाहू?"

बाकीची गिऱ्हाइकं हसली. सहदेवही हसला आणि त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे दाखवण्यासाठी दोन मशीनं नळाला जोडलेली होती. वरच्या झाकणाच्या मशीनने निम्म्या चादरींना आठ बादल्या पाणी सोडलं. उरलेल्या निम्म्या पुढून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये घातल्या, तर चारच बादल्या भरल्या.

"हेच घेऊ," दीपमाला हरखून म्हणाली.

अन्नपूर्णाबाईंनी त्यातली ओली चादर गालाला लावली. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली जाणारी प्रत्येक चादर त्या अशीच तपासायच्या. त्यांनी मान हलवली. "साबण राह्यला हिच्यात. बुळबुळीत लागते."

सहदेवचा चेहरा उतरला. "मंग पाणी वाढवू का?"

"पाणी काऊन वाढवतं बे? साबण कमी कर. एवढ्याशा पाण्याले एवढी पावडर कशी निघन?"

पिशवीत एक चादर आणि दोन टॉवेल उरले होते. ते घालून अन्नपूर्णाबाईंनी स्वतः पावडर टाकली, आधीच्या निम्म्याहून कमी. तासाभराने चादर बाहेर आली. त्यांनी ती गालाला लावली, हुंगली आणि दीपमालाकडे दिली.

"हे चांगलं हाये. हेच बांध."

मशीन घरी आलं. पहिले दोन दिवस अन्नपूर्णाबाई त्याच्यासमोर पाटावर बसून राहिल्या, काचेतून कपडे फिरताना बघत. तिसऱ्या दिवशी उठून शेजारी शालूबाईंकडे चहाला गेल्या. मनगटाची सूज हळूहळू उतरू लागली.

आठव्या दिवशी सकाळी नळ आला, तेव्हा घरातला एक ड्रम अजूनही काठोकाठ भरलेला होता. अन्नपूर्णाबाईंनी झाकण उघडून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग आत हाक मारली, "दीपमाला, आज डोक्यावरून न्हाऊन घे बाई. घाई नको करू."