पुसलेले कॅमशाफ्ट

कारखान्यात त्यांना सगळे चकचकमामा म्हणत. तेलाचा ठिपका दिसला की मामांच्या खिशातून फडका निघालाच. चहाचा कपही ते पुसल्याशिवाय तोंडाला लावत नसत. बायको म्हणायची, "एक दिवस मलाही पुसून कपाटात ठेवाल." भट्टीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. तिथला नियमच तो: भाग लख्ख पुसायचा, लालबुंद तापवायचा, तेलात बुडवायचा. मग तो असा कडक होई की इंजिनात वर्षानुवर्षं घासला तरी झिजत नसे.

पुढे भट्टी गेली आणि लेझर आला. ना तेल, ना धूर. उजेडाचा झोत कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या, उंचवट्यांवरून फिरतो आणि वरची कातडी तेवढी कडक होते. मशीनवर नेमली मामांची सख्खी भाची, सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. काम चोख निघालं तर कायम. मामांकडे माल चढवायचं काम आलं.

एके दुपारी ती जेवायला गेली. तिने काळा फवारा मारून ठेवलेले बारा कॅमशाफ्ट मामांना बघवेनात. त्यांनी बाराही आरशासारखे पुसले, मशीनमध्ये चढवले, दार लावलं. तिने आल्यावर आत न बघताच बटण दाबलं.

तपासणीत बाराही मऊ निघाले. चकचकीत धातूवरून उजेड परत फिरतो. तो आत मुरावा म्हणून तर काळा थर. हे मामांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. एकतीस वर्षं काढलेला माणूस विचारतो कुठे!

भाचीची सहा महिन्यांची मुदत संपायला आठवडा उरला होता. मामा दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. हे त्यांना मुळीच शोभलं नाही. तिसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले.

"साहेब, ते मी पुसले."

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. भाचीने परवाच लिहून दिलं होतं: काळा थर द्यायला मी विसरले.

"तिला ठाऊक होतं?"

"तुमचा फडका काळा झाला होता, मामा. आम्हा सगळ्यांनाच दिसला."

"आणि तरी तिला काढणार होतात?"

"तिने लिहून दिलं होतं. तुम्ही काहीच बोलला नव्हता."

मामांनी तिची सही खोडली आणि खाली आपली केली. त्यांना मशीनवरून हलवलं, भाची कायम झाली. त्या दोन दिवसांबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. एकदा तरी चार शब्द सुनावले असते, तर मामांना बरं वाटलं असतं.