पितळेचा कोपरा आणि मर्लची सही

मर्ल ट्रँटर विमानं दुरुस्त करते आणि शिव्या देते. यातलं आधी काय शिकली, ते तिलाही आठवत नाही. बोवेन गावाच्या लहानशा धावपट्टीला लागून तिची पत्र्याची शेड आहे; समुद्र इतका जवळ, की खिडकीच्या काचेवर जीभ लावली तर खारट लागेल. मी तिथे बावीस वर्षं नोंदी लिहितेय. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावरचा गणपती बघून ती म्हणाली होती, "हा वजनदार दिसतो. याला पुढच्या सीटवर बसवू नकोस हं." मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, आणि हसू आलं म्हणून आणखी एकदा मागितली.

तर एका शनिवारी सकाळी डेस क्विल्टी आपलं दोन सीटांचं विमान घेऊन शेडपाशी आला. डेस कोळंबीच्या बोटीचा मालक, मर्लचा चाळीस वर्षांचा दोस्त. दुसऱ्या दिवशी दहा वाजता लाँगरीचच्या चर्चमध्ये त्याच्या पहिल्या नातीचा बाप्तिस्मा होता. उडत गेलं तर चार तास, गाडीने दहा. बायको नोरीनने बॅगही आत ठेवली होती.

"एक थेंब गळतोय फक्त," डेस म्हणाला. "रबरी नळी बदलून दे, की निघालो."

मर्लने इंजिनावरचं झाकण काढलं. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, आणि त्याच्या तोंडात नळी वळवून जोडणारा पितळी कोपरा चकचकत होता.

"हा दागिना कुणी घातला याला?"

"मीच. जुना चिरला होता. तीन महिन्यांपूर्वी बोटीच्या दुकानातून आणला, तिथला सगळ्यात भारी. पितळेला समुद्रात काही होत नाही, मर्ल. माझ्या बोटीवर वीस वर्षं आहे."

"पितळेला नाही होत रे, गाढवा. शेजाऱ्याला होतं! आणि पाणी कुठलं घातलंस?"

"बोअरचं. थोडंसंच."

"ॲल्युमिनियम, पितळ आणि मध्ये खारं पाणी. बॅटरी बसवलीस तू विमानात! पितळ मजेत राहतं आणि ॲल्युमिनियम बिचारं विरघळत जातं."

"आल्यावर बदल ना."

"नाही."

"बरं, चिकटपट्टी लाव."

"तुझ्या तोंडाला लावते."

"चाळीस वर्षांची ओळख आहे आपली!"

"म्हणून तर. परका असता तर सभ्यपणे नाही म्हटलं असतं."

डेस लालबुंद झाला. "किल्ली दे. माझ्या जबाबदारीवर नेतो."

मर्लने त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. "त्या पितळेच्या शेजारी टेकव आणि अंगठ्याने दाब. आत गेला नाही, तर खुशाल जा."

डेसने दाबला. चहात भिजलेल्या बिस्किटात जावा तसा तो आत गेला. पांढरा भुगा सांडला आणि गढूळ पाणी डेसच्या चर्चसाठी पॉलिश केलेल्या बुटांवर आलं. नोरीनने विमानातून बॅग उतरवली.

"गाडी मी चालवते," ती म्हणाली. "तू दहा तास तोंड उघडायचं नाहीस."

त्या संध्याकाळी दिवा लावताना मी त्या दोघांसाठी हात जोडले. अंधारात गाडीपुढे उड्या मारत येणाऱ्या कांगारूंच्या भीतीने त्यांनी वाटेत मुक्काम केला आणि सकाळी टायर फुटला. चर्चमध्ये पोचले तेव्हा बाळाच्या डोक्यावर पाणी घालून झालं होतं. पाद्रीबुवा परत घालायला तयार होईनात. केक तेवढा मिळाला.

त्यानंतर तीन आठवडे डेस मर्लशी माझ्यामार्फत बोलायचा. ती त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी, आणि हा मला सांगणार, "हिला विचार, किती दिवस अजून?" मर्ल म्हणणार, "याला सांग, देवाने जग सहा दिवसांत केलं, पण त्यात रेडिएटर नव्हता."

काम मात्र तिने जिवापाड केलं. नवा रेडिएटर, त्याच्याच धातूचा कोपरा. आतलं सगळं धुऊन काढलं, मग डिस्टिल्ड पाण्यात कालवलेलं कूलंट भरलं, ज्यात गंज रोखणारं औषध असतं. रेडिएटर धरणारे बोल्ट स्टीलचे, म्हणून त्यांना घट्ट मलम फासलं आणि खाली नायलॉनच्या चकत्या घातल्या. धातूला धातू शिवता कामा नये. इतकं सोवळं तर माझ्या आजेसासूनेही पाळलं नसेल. जमिनीवर तासभर इंजिन चालवलं, गार झाल्यावर प्रत्येक सांधा बोटाने चाचपला आणि मग विमान उडायला ठीक आहे म्हणून नोंदवहीत सही केली.

डेस दारात उभा होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला.

"सही केलीस?"

"केली."

"मग चल, बस शेजारी."

मर्लचा चेहराच उतरला. सगळा जन्म विमानांच्या पोटात हात घालण्यात गेला, पण बाई कधी उडालेली नव्हती. हे मलासुद्धा तेव्हा कळलं. पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? हात पुसले, पट्टा तीनदा ओढून बघितला आणि बसली.

बंदरावरून एक फेरी मारून ती दोघं उतरली. डेसने दार उघडलं. इतक्या दिवसांनी तो हसत होता.

"तापमानाचा काटा जागचा हलला नाही गं! पाहिलास ना?"

"कसा पाहणार?" मर्ल सीट घट्ट धरून म्हणाली. "डोळे अजून उघडलेत कुठे मी?"