नाश्त्याला भिणाऱ्या अक्का

अक्कांना सकाळच्या नाश्त्याची भीती वाटायची. हसू नका! चामराजपेटेतल्या आमच्या या घरमालकीण एरवी कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत, पण सकाळी ताटली पुढे आली की त्यांचा हात अडखळायचा. त्यांचे यजमान, अण्णा, लोणी घातलेला डोसा खाता खाता बसल्या जागी गेले होते. "घास तोंडातच होता गं," एवढंच सांगायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

तेव्हापासून घरात लोणी बंद, तेल बंद, शेंगदाण्याची चटणीसुद्धा बंद. त्याऐवजी खोक्यातले कॉर्नफ्लेक्स आले, साय काढलेल्या दुधात भिजवलेले. खोक्यावर 'व्हिटॅमिन ई युक्त' असं छापलेलं असे आणि ते हृदयाला जपतं असं कुणीतरी अक्कांच्या डोक्यात भरवलं होतं. झालं! त्या अक्षरांवर बोट टेकवल्याशिवाय पहिला घास उचलायच्या नाहीत.

मी निपाणीहून नोकरीसाठी आलेली, वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. बोम्मसंद्र्याला जाणारी कंपनीची बस गाठायच्या धांदलीत असले, तरी जिन्याखाली अडवायच्या. "रिकाम्या पोटी निघालीस? स्वल्प खा, मग जा."

"अहो अक्का, मला काय धाड भरलीय?"

"अण्णांनाही काही झालेलं नव्हतं."

झालं, कपाळ! जिन्यावरच बसून खायचे.

पुढे खोक्यानंही धीर मिळेना. मग भाच्यानं परदेशातून आणलेल्या व्हिटॅमिन ईच्या जबर ताकदीच्या गोळ्या सुरू झाल्या. एकीनं भीती जाईना, म्हणून आणखी. त्या दुधाच्या पेल्याशेजारी वाटीत काढून ठेवलेल्या असत.

मग दाढ काढायची वेळ आली. मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषधं घेता?" अक्का ठसक्यात म्हणाल्या, "छे! मी औषधाला शिवतसुद्धा नाही." खोटं बोलत नव्हत्या हो. नाश्त्याबरोबर पोटात जातं ते खाणं, असा त्यांचा सरळ हिशेब.

दाढ निघाली आणि रक्त थांबेना. कापूस बदलला की पुन्हा लाल. अक्कांनी माझं मनगट गच्च धरलं होतं. "सकाळी खाल्लंय काय यांनी?" बाईंनी मला विचारलं. मी सांगत गेले: कॉर्नफ्लेक्स, दूध, आणि त्या गोळ्या. गोळ्या म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला.

टाके घातल्यावर एकदाचं रक्त थांबलं. "या गोळ्या फार झाल्या की रक्त गोठायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही धडधाकट आहात. शेंगदाणे, तेल आणि तुमचं ते खोकं, यातून व्हिटॅमिन ई हवं तेवढं मिळतं. गोळ्या बंद करा."

घरी आल्यावर अक्का भिंतीला टेकून बसल्या. "आता मी कुणाच्या भरवशावर खाऊ गं?"

मी शेजारी टेकले. "माझ्या," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी बस सोडली. डोसा केला, शेंगदाण्याची चटणी वाटली. "समोर बस," अक्का म्हणाल्या. "संपेपर्यंत उठू नकोस." चावताना त्यांची नजर माझ्यावरच होती. त्यांनी घास गिळेपर्यंत मीही श्वास रोखून धरलेला.

लग्नानंतर मी व्हाइटफील्डला आले. रोज सकाळी अक्कांचा फोन यायचा, "खातेय हं." ऑफिसच्या कॅबमध्ये मी फोन कानाला लावून बसायचे. "झालं. सरी, बरंय, ठेव आता," ऐकलं की जिवात जीव यायचा.

अक्का गेल्या एका दुपारी, झोपेतच, शांतपणे. ज्याला भ्यायल्या ते कधी आलंच नाही. पण हल्ली सकाळी ताटली पुढे आली की माझाच हात अडखळतो. "खातेय हं, अक्का," असं मोठ्यानं म्हणते, आणि नवऱ्याला सांगते, समोर बस. संपेपर्यंत उठू नकोस.