बाबांच्या गाडीवरची कुईं

बाबांनी मोटारसायकल चालवणं सोडलं, तेव्हापासून ती मी चालवते. गौलीगुड्यातून बँकेत जायला ती बरी पडते. रविवारी सकाळी मात्र गाडी बाबांसाठी राखलेली असते. मी पुढे, ते मागे, असे आम्ही सिकंदराबादला जातो. तिथे एका इराणी हॉटेलात त्यांचे रेल्वेतले जुने सोबती जमतात. बाबांची सगळी नोकरी डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये गेली. ते सगळे तिथलेच.

"गाडीवर गाणी असती तर मजा आली असती," असं ते एकदा सहज बोलून गेले. बाबा कधी काही मागत नाहीत, म्हणून मी ते मनावर घेतलं आणि कोठीजवळच्या एका दुकानातून गाडीला स्टीरिओ बसवून घेतला. मागच्या सीटमागे डबा, त्यात अँप्लिफायर, डब्याला दोन स्पीकर. पुढे हँडलवर मोबाइल आणि त्याला बॅटरीवरून चार्जर. मोबाइलपासून डब्यापर्यंतची वायर टाकीखालून, सीटखालून नेलेली. दुकानात गाणं असं सुरेख वाजलं की बाबांनी गुडघ्यावर ताल धरला.

मग मी गाडी सुरू केली.

गाण्यात एक बारीक, टोकदार कुईं शिरली. अॅक्सिलरेटर पिळला की ती वर चढायची, सोडला की खाली यायची. त्या कुईंच्या पाठीमागे टक-टक-टक असा आणखी एक आवाज, इंजिनाच्या ठेक्यात. नारायणगुड्याच्या फ्लायओव्हरवर चढताना गायिकेचा आलाप आणि कुईं दोन्ही चढाओढीने वर गेले, आणि कुईं जिंकली.

मी तशीच गाडी वळवून दुकानात परत गेले.

"अरे मॅडम, ये तो इंजन का आवाज है, आताइच है," दुकानदार म्हणाला. "वॉल्यूम बढ़ा दो, सुनाईच नै देता."

वॉल्यूम वाढवला. मुशीराबादच्या सिग्नलला शेजारच्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "किस की शादी है, आपा?" बाबा हसले. माझं डोकं तापलं होतं.

पुढचे कित्येक रविवार सिकंदराबादहून परतल्यावर मी इमारतीच्या पार्किंगमध्ये चटईवर बसून काढले. बाबा खुर्ची टाकून समोर बसायचे. आधी मी ती टक-टक शोधली. प्लगमध्ये ठिणगी उडते, तेव्हा तिचा उपद्रव आसपासच्या तारांना होतो, एवढं मला व्हिडिओ बघून बघून कळलं. सीट उतरवली, टाकी सैल केली. गाण्याची वायर नेमकी प्लगला वीज देणाऱ्या कॉइलला खेटून गेली होती. ती काढून दुसऱ्या बाजूने फिरवली. त्यात बोटाचं साल निघालं. प्लगची टोपी बदलून आतमध्ये तो उपद्रव दाबणारा रेझिस्टर असलेली बसवली. गाडी सुरू केली, तर टक-टक खरंच थांबली. पण आता नुसती कुईं उरली होती, आणि सोबतीला दुसरा आवाज नसल्याने ती जास्तच खुपायला लागली.

मग अँप्लिफायरची अर्थिंगची वायर गाडीच्या सांगाड्यावरून सोडवून थेट बॅटरीला जोडली. कुईं. पॉवरच्या वायरवर फिल्टर टाकला. कुईं. दुसरा फिल्टर आणला, तेव्हा ती किंचित जाडी झाली, इतकंच. बँकेत कुणी खुर्ची सरकवली तरी मला तोच आवाज ऐकू यायला लागला. एका सहकाऱ्याने एसी बंद करू का विचारलं, तर मी त्याच्यावर खेकसले.

"अगं, राहू दे की आता," बाबा खुर्चीतून म्हणायचे. "छान वाजतंय."

"काय छान वाजतंय, बाबा? ही कुईं तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येते की."

"मग?"

"मग काही नाही."

मला वाटायचं, माझे काळे झालेले हात बघून ते माझी समजूत काढताहेत. त्याचाही राग यायचा.

उलगडा झाला तो अचानक. एका संध्याकाळी बँकेतून निघताना मोबाइल पूर्ण चार्ज होता, म्हणून मी चार्जर लावलाच नाही. जामबागेपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की नुसतं गाणं ऐकू येतंय. रस्त्याच्या कडेला थांबून चार्जर लावला, कुईं आली. काढला, गेली. चार्जरची तार आणि गाण्याची तार, दोन्ही फिरून एकाच बॅटरीला जात होत्या, आणि त्या फेऱ्यातून गाडीची सगळी घरघर गाण्यात येत होती. दोन दिवसांनी मी गाण्याच्या तारेत एक बोटभर डबी बसवली. तिच्यामुळे गाणं पुढे जातं, पण दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडल्या जात नाहीत. कुईं पूर्ण बंद झाली. मी पार्किंगमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

त्या रविवारी मी बाबांना काहीच सांगितलं नाही. म्हटलं, त्यांनाच कळू दे. नारायणगुडा गेलं तरी मागून शब्द नाही. मुशीराबादला त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"गाडी जरा बाजूला घे."

मी घाबरून थांबवली. "काय झालं? चक्कर येतेय का?"

"तो आवाज गेला."

"गेला ना! शेवटी सापडला, बाबा!"

ते गाडीवरून उतरले. हेल्मेट काढून हातात धरलं आणि म्हणाले, "तो होता तेव्हा बरं होतं गं."

मी गाडी बंद केली.

"माझ्या कानात असाच एक आवाज असतो," ते म्हणाले. "शेडमध्ये होतो तेव्हापासून. दिवसभर. तुझ्या गाडीतली कुईं वाजली की माझी मला ऐकू यायची नाही. रविवारी तेवढा वेळ सुटल्यासारखं वाटायचं."

"मला कधी सांगितलं का नाही?"

"काय बोलायचं? कानात शिट्टी वाजते म्हणून? आमच्या सगळ्यांच्याच वाजते."

खरं सांगायचं तर मला आधी दया आली नाही. राग आला. त्या चटईवरच्या सगळ्या रविवारांचा, त्यांच्या गप्प बसण्याचा, कानाला बोळाही न देता त्यांना इंजिनांखाली उभं करणाऱ्यांचा. मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडले. ते हेल्मेटचा पट्टा नीट करत उभे राहिले.

हॉटेलात पोचल्यावर मी त्यांच्या सोबत्यांना सरळ विचारलं. एकाने होकाराची मान हलवली. दुसरे म्हणाले, "मी तर थंडीतसुद्धा पंखा लावून झोपतो, बेटा. बायको दोन रजया घेते." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

बाबांना मी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई होती, बोलायला गोड. तपासून म्हणाली, हा आवाज बाहेरून येत नाही, कान खराब झाल्यावर मेंदूच तो तयार करतो. आसपास हलका आवाज ठेवा, त्रास कमी वाटेल.

"पण जाईल ना?" मी विचारलं.

"सवय होते," ती म्हणाली.

मी परत तेच विचारलं. तिनेही परत तेच सांगितलं. इतके दिवस एकेक तार सोडवून बघितली होती, आणि इथे सोडवायला काहीच नव्हतं.

मग मी मोबाइलवर निरनिराळे आवाज लावून बघितले. समुद्र लावला. पाऊस लावला. बाबा म्हणाले, "नळ गळतोय असं वाटतं, बंद कर." रात्रीसाठी पंख्याचा आवाज त्यांना चालला. गाडीवर मात्र त्यांना कुईंच हवी होती.

आता रविवारी निघताना मी ती डबी काढते आणि सोमवारी परत लावते. मला तो आवाज अजिबात सहन होत नाही. सिकंदराबादला पोचेपर्यंत कपाळ ठणकायला लागतं, आणि मागे बाबा गायिकेबरोबर गुणगुणत असतात.

परवा परत येताना ते म्हणाले, "टँक बंडवरून जाऊ या का? लांब पडेल, पण तलावावरचा वारा छान असतो."

मी दात आवळले आणि गाडी टँक बंडकडे वळवली.