गळ्याचे टाके

आमच्या घरी उन्हाळा लोकरीबरोबर यायचा. वडील, म्हणजे आमचे आण्णा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर हंगामी कामाला होते. ऊस संपून गळीत बंद झालं की त्यांना थेट दिवाळीपर्यंत सुट्टी. त्यांच्याबरोबरची माणसं या दिवसांत कुणी शेती बघायची, कुणी रिक्षा चालवायची, कुणी चौकात बसून सगळ्या महाराष्ट्राचं राजकारण निकालात काढायची. आमचे आण्णा स्वेटर विणायचे.

तेही शिवाजी पेठेत, वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत, एप्रिल-मे महिन्यात. वर पत्रा तापलेला, पंखा गरम वारा ढकलतोय, आणि हा माणूस बनियनवर खिडकीशी बसून सुया चालवतोय. घामानं लोकर मळू नये म्हणून ते तळहातांना पावडर लावायचे. मग नाकावर, कपाळावर, चष्म्याच्या काडीवर सगळीकडं पावडर. बघूनच आम्हाला घाम फुटायचा. काही बोललं की म्हणायचे, "थंडी पडल्यावर सुरू केला तर काय पुढच्या शिमग्याला घालतीस?"

पेठेला याचं काही वाटत नव्हतं. तालमीतली पोरं सुरुवातीला हसली असतील, पण पुढं त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात आण्णांचे मफलर होते. गल्लीत कुणाकडं पाळणा हलला की बाळाचं टोपडं आणि मोजे आमच्याकडूनच जायचे. खिडकीखालून जाणारा हमखास हाक द्यायचा, "काय आण्णा, कुठवर आलंय?" आण्णा वरून ओरडायचे, "बगलंपतूर!" जाणाऱ्यालाही मग बरं वाटायचं.

घरात प्रत्येकाचा उन्हाळा वेगळा. आई बालवाडीत शिकवायची. तिला सुट्टी लागली की मिरच्या, मसाला, कुरडया आणि आम्हाला कामाला लावणं. ताई माझ्याहून मोठी, डी.एड. होऊन नुकतीच शाळेत लागलेली, आणि डोक्यात चोवीस तास फुटबॉल. लडीचा गुंडा करायला आण्णा तिच्या दोन्ही हातांत लडी अडकवायचे आणि ती तशीच कालच्या मॅचमधला गोल सांगायला लागायची. गोल झाला की हात वर, लडी खाली. मग संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं गुंता सोडवत बसायचो. मी भाड्यानं आणलेल्या कादंबऱ्या वाचत लोळायचे आणि उठून या सगळ्यांवर शेरे मारायचे. तो माझा छंद. आम्ही सुखात होतो, आणि ते तेव्हाही कळत होतं.

फक्त एक गोष्ट घराबाहेर बोलायची नाही, असं ठरलेलं होतं. आण्णा विणायला कुठं शिकले, ही. लग्नाआधी त्यांना टीबी झाला होता. मिरजेच्या दवाखान्यात वर्षभराहून जास्त काढलं. नुसतं पडून माणसं खचतात म्हणून तिथल्या एका केरळच्या नर्सबाईनं पुरुषांच्या वॉर्डात सुया आणि लोकर वाटली. बाकीच्यांनी दोन दिवसांत नाद सोडला, आण्णांचा हात बसला. ते खडखडीत बरे होऊन आले, नोकरी लागली, लग्न ठरलं. ठरवताना मात्र घरच्यांनी आजार दडवला. आईच्या माहेरी, कोडोलीला, तो मागाहून कळला. माझे मामा कितीतरी वर्षं आमच्या घरात पाण्याचा घोट घेत नव्हते. आईनं ते सगळं निमूट सोसलं, पण विसरली नाही.

त्यामुळं ताईला स्थळं बघायला सुरुवात झाल्यावर आईनं फर्मान काढलं. पाहुण्यांसमोर सुया दिसता कामा नयेत. विणकामाचा विषय निघाला की कुठं शिकला ते निघणार, ते निघालं की टीबी निघणार, आणि टीबी निघाला की स्थळ मोडणार. तिची भीती खोटी नव्हती. त्या काळात टीबीचं नाव ऐकून लोक चहा अर्धा ठेवून उठायचे.

पण आई पडली हिशेबी. घरात एवढं विणलेलं पडलंय, ते वाया कशाला घालवायचं? मुलगी बघायला आले की मुलीच्या हातच्या वस्तू मांडायची पद्धतच होती. आईनं टेबलावर आण्णांचा टेबलक्लॉथ अंथरला, खुर्चीच्या पाठीवर निळा स्वेटर टाकला, कपाटाच्या काचेत बाळाचे मोजे लावले आणि आम्हाला पढवलं, "सगळं ताईनं केलंय म्हणायचं."

ताई भडकली. "आई, मला सुलटा टाका कुठला आणि उलटा कुठला कळत न्हाय!"

"तुला कोण विचारतंय? तासाभराचा प्रश्न हाय. खाली मान घालून बस," आई म्हणाली.

ताई आणि खाली मान, हे मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

मेच्या मध्यावर शिरोळचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलाचे वडील आले नाहीत, कारण उसाला पाणी पाजायचं होतं आणि वीज नेमकी त्याच वेळेला येणार होती. मुलगा तिकडंच हायस्कुलात शिक्षक. नाव, शिक्षण, स्वयंपाक हे नेहमीचे प्रश्न मामांनी विचारून झाले. मग मुलानं घसा खाकरून विचारलं, "शिवाजी पेठेत राहता म्हणजे मॅच बघत असाल?"

झालं. ताईची मान वर. आदल्या आठवड्यातला एक गोल ऑफसाइड होता की नव्हता यावर दोघांची अशी जुंपली की मामांना मध्ये पडावं लागलं. "आरं, लगीन ठरवायला आलोय, पंचायत न्हाय!" सगळे हसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून ताईचा चेहरा बघत होते. आजवर तिनं जी स्थळं बघितली त्यातल्या एकाशीही ती अशी भांडली नव्हती. हेच तिला हवंय, हे मला तिथंच कळलं. आण्णांनाही कळलं असावं, कारण ते कौतुकानं बघत बसले होते.

मुलाची आई उंच, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. त्यांनी खुर्चीवरचा निळा स्वेटर उचलला आणि आधी उलटा केला. विणणारी माणसं विणीची सफाई उलट्या बाजूनं तपासतात, हे बिचाऱ्या आईला माहीत नव्हतं. पाहुण्यांमध्ये एखादी स्वतः विणणारी निघेल, हे तर तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पोरी, गळ्याचं टाकं उचलताना कोपऱ्याला भोक कसं न्हाय पडलं गं तुझं?" त्या म्हणाल्या. "माझं दर बारीला पडतंय."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी कुठं बघणार? मी डब्यांकडं बघितलं.

"लाजतीया," आई म्हणाली.

"लाजायचं काय त्यात? सांग की!"

आण्णा एव्हाना खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते. त्यांची बोटं मांडीवर नुसतीच हलत होती. विणकामाबद्दल कुणी विचारलं आणि आण्णांनी उत्तर दिलं नाही, असं आजवर घडलं नव्हतं. तेव्हाही घडलं नाही.

"कोपऱ्यातला दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलायचा आन् पिळून विणायचा," ते एका दमात म्हणाले. "सरळ विणला की भोक पडणारच."

आईनं डोळे मिटून घेतले.

"तुम्ही इणतासा?" मुलाच्या आईंनी विचारलं.

"व्हय. हे सगळं मीच केलंय. पोरीला येत न्हाय."

"कुठं शिकलासा एवढं?"

"पोहे घ्या की आणखी," आई घाईनं म्हणाली आणि मामांच्या बशीत पोहे वाढलेसुद्धा. आण्णांनी आधी आईकडं बघितलं, मग ताईकडं. मग सावकाश म्हणाले, "मिरजेला. टीबीच्या दवाखान्यात होतो, लग्नाच्या आधी. आता काय बी त्रास न्हाय. पण झालता, हे सांगितलेलं बरं."

मामांनी भरलेली बशी तशीच खाली ठेवली. पुढं पाच-दहा मिनिटं सगळे उन्हाबद्दल बोलले. निघताना मामा चपला घालत म्हणाले, "बरं, कळवतो." मुलगा काहीतरी बोलायला वळला होता, पण मामांनी त्याला जिन्याकडं लावलं.

त्यानंतरच्या दिवसांत घरात नुसती धुसफूस. आई भांडी आदळायची आणि भांड्यांनाच विचारायची, "एका प्रश्नाला गप बसवत न्हाय माणसाला?" आण्णांनी सुया, लोकर सगळं पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलं. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना समजेना. लसूण सोलला, तो संपल्यावर आईच्या वाळत घातलेल्या कुरडया उलट्या-सुलट्या करत बसले, त्यात निम्म्या मोडल्या. खिडकीखालून कुणी "कुठवर आलंय?" म्हणून ओरडलं की उत्तर न देता आत निघून जायचे. मला त्यांचा राग येत नव्हता. मला त्या मामांचा राग येत होता, आणि खरं सांगायचं तर थोडा आईचाही.

एके दुपारी ताईनं स्टूल घेऊन माळ्यावरची पिशवी काढली आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवली.

"विणा," ती म्हणाली. "लगीन मोडू दे. तुम्ही असं बसलेलं मला बघवत न्हाय." आणि आमची ताई, जी फायनल हरल्यावरही रडायची नाही, ती रडली.

आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या आईच्या वेळी माझ्या घरच्यांनी लपवलं आन् मी गप बसलो. तिनं काय सोसलं ते मी बघितलंय. तुझ्या वाट्याला ते यायला नको. पण तुला तो पसंत होता, हे कळत असताना सांगावं लागलं. त्याचं वाईट वाटतंय मला."

आई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे तिनं सगळं ऐकलं असणार. ती बाहेर मात्र आली नाही.

त्याच आठवड्यात, ऐन उन्हात, मुलाच्या आई एकट्याच दारात उभ्या. शिरोळहून एसटीनं आलेल्या, पदर कपाळावर ओढलेला, एका हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात एक अर्धवट स्वेटर. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "वांगी आणल्यात. नकार द्यायला कुणी वांगी आणतंय का गं?" मला काय माहीत? माझ्या कादंबऱ्यांत वांग्यांवर काही नव्हतं.

बाई पाणी प्यायल्या आणि थेट आण्णांपुढं मांडी घालून बसल्या. "तुम्ही सांगितलं तसं पिळून इणलं. एका कोपऱ्याला जमलं, दुसऱ्याला ह्ये बघा, भोक."

"ह्या अंगाला उलटं पिळायचं असतंय," आण्णा म्हणाले. पावडरचा डबा मागवला, चष्मा पुसला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातात सुया आल्या. मग दोघं उसवतायत, उचलतायत, एकमेकांच्या चुका काढतायत. आम्ही तिघी भिंतीला टेकून उभ्या. चहा झाला, सरबत झालं, लग्नाचं कुणी नावही काढेना.

शेवटी आईला राहवलं नाही. "मग... आमच्या पोरीचं काय ठरवलंसा?"

बाईंनी वर बघितलं. "आमच्या पोरानं तर त्याच दिवशी एसटीत ठरवलं. त्याचा मामाच आडवा लागलाय, टीबी-टीबी करत."

"त्यांचं बी बरोबर हाय," आई हळूच म्हणाली.

"काय बरोबर? कुणाच्या घरात काय न्हाय? आम्ही काय सगळं सांगून सोयरिकी केल्यात व्हय?" त्यांनी स्वेटर मांडीवर ठेवला. "त्याला म्हटलं मी, जो माणूस पोरगी बघायच्या बैठकीत आपला आजार आपणहून सांगतोय, त्यानं दुसरं काय लपवलं असंल? असलं घर शोधून मिळायचं न्हाय. हां, पोरीला इणता येत न्हाय एवढं वाईट झालं. पण तुम्ही हाईसा की."

आण्णांनी मान खाली घातली आणि टाके मोजायला लागले. त्यांना काही मोजता येत नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. ताई आत पळाली. आईनं पिशवीतली वांगी काढून भरायला घेतली.

लग्न मिरगाच्या आत झालं. कोल्हापुरातच, आमच्या बौद्ध पद्धतीनं, बुद्धवंदना घेऊन, ताई पांढऱ्या साडीत. रुखवताच्या टेबलावर लाडू-करंज्यांच्या शेजारी आण्णांचं विणकाम मांडलं होतं. या वेळी आईनं कुणाला काही पढवलं नव्हतं. विहीणबाई शिरोळच्या एकेका नातेवाइकाला दंडाला धरून तिथं आणत होत्या आणि सांगत होत्या, "ह्ये आमचं व्याही. ह्ये सगळं त्येंनी इणलंय." आण्णा नव्या सदऱ्यात अवघडून उभे होते.

फेटा बांधलेले एक म्हातारे पाहुणे टेबलक्लॉथ बोटांनी चाचपत राहिले. "गडीमाणसाच्या हातचं? कुठं शिकलं म्हणायचं हे?"

आण्णांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी आई बोलली. शेजारी तिचे भाऊ उभे होते, कोडोलीचे, तेच मामा.

"मिरजेला," आई म्हणाली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात. "टीबी झालता त्यांना. तिथनं बरं होऊन आलं आन् येताना हे शिकून आलं. बसा की पावणं, सगळं सांगतो."